दोन फटके माझ्या नावावर नोंदवून घेण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक,
कोल्हापूर.

अर्जदार : कु. विद्याश्री मल्लेश पट्टणशेट्टी, वय २३, रा. कुरुंदवाड, ता. शिरोळ.
शिक्षण : जागतिक मालवाहतूक व पुरवठा साखळी व्यवस्थापन पदविका, अंतिम सत्र.

विषय : कै. सोमेश यांच्या खुनाच्या गुन्ह्यातून ट्रेलरचालक भाऊसो कुरणे यांना मुक्त करून मला अटक करण्याबाबत.

संदर्भ : संबंधित पोलीस ठाण्यात मी मारलेल्या फेऱ्या, ज्यांची तेथे कोठेही नोंद नाही.

महोदय,

१. मी कोल्हापुरातील एका खासगी संस्थेत वरील पदविका शिकत आहे. एका देशात तयार झालेला माल दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाच्या दारात वेळेवर, न फुटता आणि कमीत कमी हातांतून कसा पोचवावा, असे हे शिक्षण आहे. आमचे कुरुंदवाडला भुसार मालाचे दुकान आहे. गाड्या भरताना आणि रिकाम्या होताना पाहतच मी मोठी झाले. वडील प्रथम म्हणाले, "पोती चढवायचं शिकायला कॉलेज कशाला लागतंय?" परंतु प्रवेशाच्या दिवशी तेच माझ्याबरोबर आले आणि प्राचार्यांना म्हणाले, "पोरगी हुशार हाय, तिला जहाजापर्यंतचं सगळं शिकवा."

२. अंतिम सत्रासाठी प्रत्यक्ष एखाद्या मालाची वाट अभ्यासून अहवाल द्यावा लागतो. माझ्या आईचे चुलतभाऊ श्री. चनबसाप्पा यांची औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आहे. तेथे पंपाची लोखंडी कवचे ओतली जातात व इटलीला जातात. ही कवचे आजवर येथील लॉरीमालकांच्या एका मंडळाच्या गाड्यांतून न्हावा शेवा बंदराजवळच्या गोदामात जात, तेथे उतरवली जात आणि पुन्हा कंटेनरमध्ये भरली जात. कोणती लॉरी माल नेणार हे कारखानदार ठरवत नाही. मंडळात नंबर लागतो, ज्याचा नंबर त्याची गाडी. या चढउतारीत दर खेपेला काही कवचे तडकत. मी अहवालात सुचवले की कंटेनरच फाउंड्रीच्या दारात आणावा, तेथेच भरून सील करावा आणि थेट बंदरावर न्यावा. आमच्या सरांनी त्याची वर्गात वाखाणणी केली. चनबसाप्पा मामा म्हणाले, "एक खेप करून बघू की."

माझ्या अहवालात 'मधला एक टप्पा वगळावा' असे वाक्य आहे. त्या टप्प्यावर किती घरांच्या चुली पेटतात हे मी लिहिले नव्हते. मला ते कोणी विचारलेही नव्हते.

३. कंटेनर येणार हे कळताच मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव फाउंड्रीत आले. मी त्या वेळी ऑफिसात होते. ते उभ्या उभ्याच बोलले, "चनबसाप्पा, गेटातनं लोखंडी डबा भाईर पडला तर रस्त्यात फोडू. मग म्हणू नगा सांगितलं न्हवतं." मामांनी त्यांना चहा पाजून पाठवले आणि मला म्हणाले, "बोलत्यात तसं. सवय हाय त्यांची." मी त्या बोलण्याला अहवालात 'स्थानिक विरोध' असे नाव देऊन एका ओळीत उरकले.

४. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला कंटेनर भरला. ट्रेलरवर भाऊसो कुरणे हे चालक होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, कंटेनर कंपनीचे जुने माणूस, शांत स्वभावाचे. वाटेत माल कोठे अडतो हे पाहण्यासाठी मी कराडपर्यंत केबिनमध्ये बसून जाणार होते. तेथे मला माझे काका उतरवून घेणार होते. आमच्या पुस्तकात फाउंड्री आणि बंदर यांच्यामध्ये एक बाण काढलेला असतो. त्या बाणावर माणूस बसलेला असतो हे मला त्या सकाळी भाऊसोंच्या शेजारी बसल्यावर पहिल्यांदा जाणवले. त्यांनी आरशाला हात लावून नमस्कार केला, बायकोने दिलेला डबा सीटमागे ठेवला आणि गाडी काढली.

५. वसाहतीतून महामार्गाला लागण्याआधी एक बंद पडलेला वजनकाटा आहे. तेथे दोन लॉऱ्या आडव्या लावलेल्या होत्या. लख्ख ऊन होते, बाजूने उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. भाऊसोंनी ब्रेक मारला आणि मला म्हणाले, "ताई, खाली वाका. काय बी झालं तरी उतरू नका."

सहा-सात जण धावत आले. त्यांनी दार उघडून भाऊसोंना कॉलर धरून खाली ओढले आणि पट्ट्यांनी, काठ्यांनी व सायकलच्या चेनने मारायला सुरुवात केली. भाऊसो दोन्ही हात डोक्यावर घेऊन ओरडत होते, "मी नुसता डायवर हाय वो! मालाचा मालक न्हाय!" त्यांच्या पाठीवरचा शर्ट चेनीबरोबर फाटत गेला. मग दोघांनी त्यांचा उजवा हात केबिनच्या दाराच्या चौकटीत दाबून धरला आणि तिसऱ्याने दार आपटले. मी आत, दारापासून हातभर अंतरावर होते. बोटे मोडल्याचा आवाज मी ऐकला. दार उघडून त्यांनी ते पुन्हा आपटले. त्यानंतर भाऊसो ओरडायचे थांबले.

दुसऱ्या बाजूने कोणीतरी डबाभर डिझेल माझ्या खिडकीतून आत फेकले. ते माझ्या डोक्यावर, ओढणीवर, डोळ्यांत गेले. "काडी हाय का रे कुणाकडं?" असे एकाने विचारले व दोघे हसले. ते खरोखर पेटवणार होते की भीती घालत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. काडी कोणाकडे नव्हती, की कोणी दिली नाही, हेही ठाऊक नाही. एक जण काडी आणायला लॉरीकडे जाताना मी पाहिला.

६. सीटखाली टॉमी होती, म्हणजे चाकाचे नट सोडवायचा जाड लोखंडी दांडा. ती घेऊन मी चालकाच्या बाजूने उतरले. भाऊसो रस्त्यावर उताणे पडले होते. त्यांच्या डोक्याशी मंडळाचे एक लॉरीमालक सोमेश उभे होते. वय सव्वीस, आमच्याच तालुक्यातले, स्वतःची लॉरी स्वतः चालवणारे. हे सगळे मला नंतर कळले. त्या वेळी मला फक्त दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललेला दगड दिसला. ते रडत असल्यासारखे ओरडत होते, "आमचा नंबर खाल्लासा! महिनाभर नंबर लावून बसलोय, आन् तुम्ही डबा न्हेताय व्हय!"

मी पाठीमागून त्यांच्या खांद्यावर टॉमी मारली. दगड बाजूला पडला, भाऊसोंच्या कानापासून वीतभर अंतरावर. सोमेश वळले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आश्चर्य होते. "ए पोरी," एवढेच ते म्हणाले. त्यांचे हात रिकामे होते. मी दुसरा फटका मारला. तो त्यांच्या डाव्या कानाच्या वर बसला आणि ते गुडघ्यांवर येऊन आडवे झाले.

पहिल्या फटक्याच्या वेळी दगड होता. दुसऱ्या फटक्याच्या वेळी दगड नव्हता. दुसऱ्या फटक्याच्या वेळी माझ्या केसांतून डिझेल गळत होते आणि काडी आणायला गेलेला माणूस परत येत होता. हे सर्व जसेच्या तसे नोंदवावे. माझ्या सोयीचे तेवढे नोंदवू नये आणि गैरसोयीचे तेवढेही नोंदवू नये.

७. बाकीचे लोक सोमेश यांना तसेच टाकून लॉऱ्या घेऊन पळाले. महोदय, जे त्यांच्याबरोबर मारायला आले होते त्यांतील एकानेही त्यांना उचलले नाही. मी रस्त्यात आडवी उभी राहून दुधाचा टँकर थांबवला. टँकरवाल्याने आणि मी दोघांनाही केबिनमध्ये घातले. सोमेश यांचे डोके माझ्या मांडीवर होते. "मला कुठं न्हेतायसा?" असे त्यांनी एकदा विचारले. "दवाखान्यात," मी म्हणाले. त्यांनी माझा हात धरला. तो हात कोणाचा आहे हे त्यांना तेव्हा ठाऊक होते की नाही, सांगता येत नाही.

८. त्याच दुपारी मी ठाण्यात गेले व म्हणाले, "सोमेशना मी मारलं." ठाणे अंमलदारांनी मला पंख्याखाली बसवले, लिंबू सरबत मागवले आणि वडिलांना फोन केला. वडील येईपर्यंत त्यांनी लिहून काढलेल्या जबाबात 'ट्रेलरचालकाने टॉमीने मारले' असे होते. मी सही करण्यास नकार दिला. तेव्हा खाली 'साक्षीदार मुलगी भेदरलेली असल्याने सही घेतली नाही' अशी ओळ आली. वडिलांना ते म्हणाले, "पावणं, पोरीला घरला न्या. डोस्क्यावर परिणाम झालाय तिच्या."

मी दाखवून दिले की भाऊसोंची बोटे आधीच मोडली होती, त्या हाताने त्यांना टॉमी धरता आली नसती. यावर "मारतानाच मोडली असतील" असे उत्तर मिळाले. भाऊसो बौद्ध समाजाचे आहेत. अंमलदारांनी माझ्यासमोर त्यांचे आडनाव आणि गावातली गल्ली विचारली, "मग बरोबर हाय," असे म्हणाले आणि पुढे काहीच विचारले नाही. चार बोटे प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला दवाखान्यातूनच अटक झाली. त्यांच्यावर हल्ला करणाऱ्यांविरुद्ध मात्र 'अज्ञात इसमांनी किरकोळ मारहाण केली' एवढेच लिहिले गेले.

९. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. "ती टॉमी उचलंल तरी का तुला?" असे एक हवालदार हसून म्हणाले. जप्त केलेली टॉमी कोपऱ्यात ठेवलेली होती. मी ती उचलली आणि सोमेश यांना मारली होती तशीच हवालदारांच्या टेबलावर मारली. टेबलाची काच फुटून तिचे तुकडे दारापर्यंत गेले. मला वाटले आता तरी अटक होईल. थोड्या वेळाने त्यांनी शिपायाला काच झाडायला सांगितली आणि लिहिले की वाऱ्याने खिडकी आपटून काच फुटली. महोदय, त्या खोलीला खिडकी नाही.

१०. यानंतर सर्वांनी आपापल्या परीने मला गप्प करण्याचा प्रयत्न केला, तो थोडक्यात मांडते. संस्थेच्या संचालकांनी बोलावून सांगितले की सदर प्रकार अभ्यासक्रमाच्या बाहेर घडला आहे, तरी मी विषय बदलून ग्रंथालयात बसून होईल असा अहवाल द्यावा. मी विचारले, "सर, पुस्तकातल्या अडथळ्यांच्या प्रकरणात वादळ आहे, संप आहे, आग आहे. यातलं हे कशात बसतं?" ते म्हणाले, "कशातच नाही. म्हणून तर काढून टाक." चनबसाप्पा मामांनी मंडळाशी समेट केला असून पुढची खेप नंबराच्या लॉरीतून गेली आहे. भाऊसोंच्या घरच्यांची काळजी घेऊ, तू अभ्यास कर, असे त्यांनी मला सांगितले.

हंबीरराव तीन-चार जणांना घेऊन आमच्या दुकानात आले. माझे वडील गिऱ्हाइकाला ज्वारी देत होते. हंबीरराव म्हणाले, "पोरीला आवर. आमचा गडी बाईच्या हातनं पडला, असं गावभर म्हणायचं व्हय? उद्या आमचं कोण ऐकंल?" वडील म्हणाले, "ती खोटं बोलत न्हाय." त्यावर त्यांनी भर गिऱ्हाइकांत वडिलांच्या कानशिलात दिली. वडील पोत्यांवर पडले, चष्मा फुटून भुवईखाली काच घुसली. टाके पडले आहेत. मी आतून धान्याचे लोखंडी माप घेऊन धावले तेव्हा माझ्या आईने मला मिठी मारून जमिनीवर पाडले आणि अंगावर पडून राहिली. तिने तसे केले नसते तर आज हा अर्ज एकाच गुन्ह्यापुरता राहिला नसता. हेही आपणास माहीत असावे.

११. भाऊसोंना कोर्टात आणले त्या दिवशी मी आवारात त्यांना भेटले. त्यांनी स्वतःच गुन्हा कबूल केला होता. मी म्हणाले, "भाऊसोमामा, असं का सांगितलंत?" ते प्लास्टरकडे बघत म्हणाले, "ताई, तुमची परीक्षा हाय. आन् दुसरं असं, की ते मीच करायला पायजे हुतं. माझ्या गाडीत बसलेल्या पोरीवर डिजल टाकलं, आन् मी भुईवर पडून ऱ्हायलो. माझा हात उठला न्हाय. एवढं तरी माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या."

त्यांची पत्नी आक्काताई शेजारी उभ्या होत्या. त्यांचे मत वेगळे होते. त्या मला म्हणाल्या, "ह्यांचं ऐकू नगा. ह्यास्नी आत घालून तुमास्नी झोप येती का, तेवढं सांगा." मी येत नाही म्हणाले. "मग करा की कायतरी," असे म्हणून त्या पोलिसांच्या गाडीमागून चालत गेल्या.

भाऊसोंचे मन मोडायची माझी इच्छा नाही. परंतु मी केलेली गोष्ट मी कोणाला देऊ शकत नाही, मागणारा चांगला माणूस असला तरीही.

१२. गेल्या गुरुवारी सोमेश दवाखान्यात वारले. भाऊसोंवरील कलम त्याच संध्याकाळी बदलून खुनाचे झाले. बातमी ऐकून मी शेतातल्या विहिरीपर्यंत गेले होते. वडिलांनी मला परत आणले. सोमेश यांच्या हातात दुसऱ्या वेळी दगड असता तर मी कदाचित तितकी लांब गेले नसते.

१३. आज रविवारी दुपारी सोमेश यांच्या आई, श्रीमती बसव्वा, एसटीने एकट्या आमच्या घरी आल्या. माझ्या आईने त्यांना ओळखले आणि तिच्या हातातले ताट खाली पडले. बसव्वा उंबऱ्याबाहेरच थांबल्या. त्यांच्याकडे आणि आमच्याकडे घरात कानडी बोलतात. आमचे बोलणे त्याच भाषेत झाले, ते येथे मराठीत देत आहे.

त्यांनी विचारले, "माझ्या सोमेशला मारलं ती तूच का?"

मी म्हणाले, "हो. मीच."

त्यांनी मला थोबाडीत मारली. माझा ओठ आतून फाटला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही व ती घेऊ नये. मग त्या उंबऱ्यावरच बसल्या व त्यांनी पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या की मरण्याच्या आदल्या दिवशी सोमेशला थोडी शुद्ध आली होती. तेव्हा तो त्यांना म्हणाला, "अव्वा, पोरीनं मारलं. कोणाला सांगू नको, हसतील." त्यांनी हे हंबीररावांना सांगितले. हंबीरराव म्हणाले, म्हातारे, गप बस, पोराची अब्रू घालवू नकोस. ठाण्यात सांगायला गेल्या तर तेथेही त्यांना घरी जाऊन दिवसकार्य उरकायला सांगण्यात आले.

त्यांनी मला विचारले, "त्याच्या हातात काय होतं?"

"पहिल्यांदा दगड होता."

"आणि दुसऱ्यांदा?"

माझे वडील मागून "विद्या" म्हणाले. मी म्हणाले, "काही नव्हतं, अव्वा. हात रिकामे होते."

त्या पदर तोंडाशी धरून खूप वेळ रडल्या. माझी आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. बसव्वांनी तिला दूर केले नाही, जवळही घेतले नाही. शेवटी त्या मला म्हणाल्या, "माझ्याशी खरं बोललीस म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. त्या ड्रायव्हरचा जीव घेऊन मला काय करायचंय? ज्या हातानं माझा पोरगा गेला, तो हात मला बेडीत बघायचाय."

मी म्हणाले, "मलाही तेच पाहिजे. पण ते मला बेडी घालतच नाहीत."

"मग मी येते तुझ्याबरोबर. आई सांगते म्हटल्यावर कसे ऐकत नाहीत बघू."

१४. तरी माझी आपणास विनंती की माझा जबाब आपल्या समक्ष घेण्यात यावा, भाऊसो कुरणे यांना मुक्त करण्यात यावे आणि त्यांची बोटे मोडणाऱ्यांची व माझ्यावर डिझेल टाकणाऱ्यांची नावे मी सांगेन ती नोंदवण्यात यावीत. पहिल्या फटक्याला कायदा काय म्हणतो आणि दुसऱ्याला काय म्हणतो, हे न्यायालयाने ठरवावे. जे ठरेल ते मला मान्य राहील. हंबीरराव, ठाणे, संस्था आणि माझे नातेवाईक यांनी ते ठरवू नये.

आज बसव्वा आमच्याकडेच मुक्कामाला आहेत. त्या जेवल्या नाहीत. आईने अंथरूण घातले आहे, त्यावर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आहेत. उद्या सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी आपल्या कार्यालयात येत आहोत. मी उभी राहीन. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांनी चार दिवस अन्न घेतलेले नाही. मला अटक होईपर्यंत जो काही वेळ लागेल तेवढा वेळ त्यांना बसायला एक खुर्ची देण्यात यावी.

अटकेची वाट पाहणारी, आपली विश्वासू,

(सही)
विद्याश्री मल्लेश पट्टणशेट्टी

कुरुंदवाड,
रविवार, दि. २५ फेब्रुवारी २००७